मोठ्या आतड्याची दुर्बीण: निम्मी तपासणी घरीच होते

मोठ्या आतड्याची दुर्बीण करायला सांगितली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ती नळी येते. किती जाड असेल, किती आत जाईल, दुखेल का, कोणासमोर कपडे काढावे लागतील. हे प्रश्न साहजिक आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण तपासणी चांगली झाली की वाया गेली, हे फार करून नळीवर ठरत नाही. ते आदल्या दिवशी घरी, संडासात ठरतं. आतडं स्वच्छ असेल तर तीन-चार मिलिमीटरचा उंचवटाही डॉक्टरांच्या नजरेत भरतो. स्वच्छ नसेल तर सेंटिमीटरभराची गाठसुद्धा मळाच्या पातळ थराखाली लपून राहू शकते, आणि रुग्ण मात्र "सगळं नॉर्मल आलं" म्हणून निश्चिंत होतो. म्हणूनच या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

कोणती दुर्बीण, कुठवर

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या बाजूला खाली ते सुरू होतं, यकृताखालपर्यंत वर चढतं, तिथून आडवं डावीकडे जातं, प्लीहेजवळ वळून खाली उतरतं आणि शेवटी एक नागमोडी वळण घेऊन गुदाशयात येतं. या नागमोडी भागाला सिग्मॉइड म्हणतात. सिग्मॉइडोस्कोपी हे नाव त्यावरूनच आलं. या तपासणीची नळी साधारण ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्यातून गुदाशय, सिग्मॉइड आणि डावीकडचा उतरता भाग दिसतो. कोलोनोस्कोपीची नळी याच्या दुपटीहून लांब असते. ती उजवीकडच्या टोकापर्यंत जाते, म्हणजे अख्खं मोठं आतडं पाहता येतं.

यातली कोणती करायची हे तक्रारीवर ठरतं. लालभडक ताजं रक्त पडत असेल आणि ते शेवटच्या भागातूनच येत असल्याची शक्यता जास्त असेल, किंवा आधीपासून असलेल्या आतड्याच्या सुजेवर लक्ष ठेवायचं असेल, तर कधी कधी लहान दुर्बीण पुरते. शरीरातलं लोह कारण नसताना कमी होत असेल, शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त तपासणीत सापडलं असेल, किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर पूर्ण दुर्बीणच लागते. लहान दुर्बिणीत पुढे धोका होऊ शकेल असा पॉलिप सापडला, तर डॉक्टर बहुधा पूर्ण दुर्बीण करायला सांगतात, कारण एका भागात पॉलिप आहेत म्हटल्यावर वरच्या भागातही ते असण्याची शक्यता वाढते.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेली छोटी वाढ. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. पण त्यातला अ‍ॅडिनोमा नावाचा प्रकार बरीच वर्षं, बहुधा दहा-एक वर्षं, हळूहळू बदलत जाऊन कर्करोग होऊ शकतो. या तपासणीचं खरं मोल इथे आहे. पॉलिप दिसला की बऱ्याचदा त्याच वेळी काढून टाकता येतो. कर्करोग लवकर सापडणं चांगलंच, पण तो होण्याआधीच त्याचं मूळ काढणं त्याहून चांगलं. इंग्लंडमधल्या वेंडी अ‍ॅटकिन यांच्या नेतृत्वाखालच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ५५ ते ६४ वयाच्या सुमारे १ लाख ७० हजार लोकांचा त्यात समावेश होता. आयुष्यात एकदाच केलेल्या लहान दुर्बिणीने, प्रत्यक्ष तपासणीला आलेल्यांमध्ये आतड्याचा कर्करोग होण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं आणि त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी कमी झाले. काही मिनिटांच्या तपासणीने वर्षानुवर्षं मिळालेलं हे संरक्षण आहे.

एक गोष्ट इथेच ठासून सांगायला हवी. शौचाच्या वेळी रक्त पडलं की लोक स्वतःच "मूळव्याध असेल" असं ठरवून मोकळे होतात, मलम आणतात आणि महिनोन्‌महिने काढतात. मूळव्याध असूही शकते. पण मूळव्याध असणाऱ्या माणसाला वर आतड्यात पॉलिप किंवा गाठही असू शकते, एकामुळे दुसरं टळत नाही. रक्त वारंवार पडत असेल, पोट साफ होण्याची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन विनाकारण उतरत असेल, तर अंदाज बांधत बसू नका. पाहून घ्या.

आधी औषधांची यादी

तारीख मिळाली की पहिलं काम हे: तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि प्रमाण एका कागदावर लिहा आणि तो कागद दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. "बीपीची एक पांढरी गोळी" एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही.

लोहाच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवायला सांगतात. लोहामुळे मळ काळा आणि चिकट होतो, जुलाबाच्या औषधानेही तो अस्तराला धरून बसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं गणित नाजूक आहे. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल आणि त्यांच्या जातीची नवी औषधं चालू असताना मोठा पॉलिप काढला तर रक्तस्राव होऊ शकतो. पण ती परस्पर बंद केली तर हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. म्हणून कोणती, किती दिवस आणि बंद करायचीच का, हे दुर्बीण करणारे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. स्वतःच्या मनाने काहीही थांबवू नका.

मधुमेह असेल तर आणखी जपायला हवं. खाणं थांबलेलं आणि इन्शुलिन किंवा गोळी मात्र नेहमीच्या प्रमाणात घेतलेली, असं झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या उपाशी पोटी आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात रक्तातली आम्लता वाढवू शकतात, त्यामुळे त्या काही दिवस आधीच थांबवायला सांगतात. वजन कमी करण्यासाठी किंवा मधुमेहासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि गुंगी देताना ते माहीत असावं लागतं. मधुमेही व्यक्तीने शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर बसवलेला असेल, आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, गरोदरपण असेल, तर या प्रत्येक गोष्टीने जुलाबाच्या औषधाची निवड किंवा तपासणीची पद्धत बदलू शकते. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रियांनी लक्षात ठेवावं की जोराचे जुलाब झाले तर ती गोळी अंगी लागत नाही, त्या काळात दुसरी काळजी घ्यावी लागते. मासिक पाळीमुळे तपासणी पुढे ढकलण्याची गरज नसते.

खाणं आणि पिणं

खाण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी करायचा. बिया, साली, कडधान्यं, पालेभाज्या, सुकामेवा, कोंडा असलेलं पीठ हे सगळं बाजूला ठेवायचं. पांढरा भात, पांढरा ब्रेड, अंडी, साल आणि बिया काढून मऊ शिजवलेली भाजी चालते. एरवी तब्येतीला चांगलं म्हणून जे खातो तेच या दिवसांत टाळायचं, म्हणून लोक गोंधळतात. कारण साधं आहे. फळाची छोटीशी बी जुलाबाने विरघळत नाही. ती दुर्बिणीच्या आतल्या बारीक मार्गात अडकते आणि शोषून घेण्याची सोयच बंद पाडते.

आदल्या दिवशी ठरलेल्या वेळेनंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. ग्लासात धरल्यावर पलीकडचं दिसतं का, एवढंच पाहायचं. पाणी, गाळलेला गर नसलेला रस, दूध न घातलेला चहा किंवा कॉफी, गाळलेलं सूप, मीठ-साखरेचं पाणी चालतं. लाल आणि जांभळ्या रंगाची पेयं मात्र नकोत, आतड्यात ती रक्तासारखी दिसतात. दूध नको. आणि नुसतंच साधं पाणी पोटभर पीत राहू नका. जुलाबातून क्षार बाहेर जात असतात. त्यांची भरपाई न करता पाणीच वाढवलं तर रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, गोंधळल्यासारखं होणं, असे त्रास होऊ शकतात.

जुलाबाचं औषध: सगळ्यात अवघड संध्याकाळ

दुर्बीण करून आलेल्या माणसाला सगळ्यात त्रासाचं काय वाटलं असं विचारलं, तर उत्तर बहुधा हेच येतं. म्हणून ते कसं काम करतं हे समजून घ्या, मग ते घेणं जरा सोपं जातं.

पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे सर्रास वापरलं जाणारं औषध आहे. पावडर पाण्यात विरघळवून २ ते ४ लिटर द्रावण प्यायचं असतं. हा रेणू मोठा असल्यामुळे आतडं तो शोषू शकत नाही. तो पाणी स्वतःजवळ धरून ठेवतो आणि ते सगळं पाणी आतड्यातून धुवत खाली जातं. द्रावणात क्षार घातलेले असतात, त्यामुळे शरीराचं पाणी आणि क्षार फारसे इकडचे तिकडे होत नाहीत. सोडियम पिकोसल्फेट हे दुसरं औषध मात्र आतड्याला हालचाल करायला लावतं. त्याचं प्रमाण थोडं असतं, पण वरून पातळ पदार्थ बरेच प्यावे लागतात. तुमच्या तब्येतीला कोणतं योग्य हे डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याने घेतलेलं तुम्ही घेऊ नये.

हे द्रावण दोन भागांत घ्यायचं असतं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. पहाटेचा भाग तपासणीच्या साधारण ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचा. सकाळी आठची वेळ असेल तर अलार्म लावून अंधारातच उठावं लागतं, आणि इथेच अनेक जण सगळं औषध आदल्या रात्रीच उरकून टाकतात. तसं करू नका. रात्रभर लहान आतडं पित्तमिश्रित द्रव मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात सोडत राहतं आणि सकाळपर्यंत त्याचा चिकट थर बसतो. उजव्या बाजूचे चपटे पॉलिप आधीच दिसायला अवघड, त्यावर हा थर म्हणजे ते सुटलेच. झोपमोड होते हे खरं आहे, पण पहाटेचा हा दुसरा भाग तुमच्या हातातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे असं मी ठामपणे म्हणेन.

चव खारट-गुळचट आणि तोंडात रेंगाळणारी असते. द्रावण थंड करून ठेवा. जाड स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला टेकवून प्यायलं तर चव कमी लागते. घोट घोट करत तासभर लावण्यापेक्षा एक ग्लास सलग संपवून दहा-पंधरा मिनिटं थांबणं बहुतेकांना सोपं जातं. मधे लिमलेटसारखी पारदर्शक गोड गोळी चघळा, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारा. मळमळलं किंवा उलटी झाली तर अर्धा तास थांबा आणि मग वेग कमी करून पुन्हा सुरू करा. उलट्या थांबतच नसतील, पोट फुगून कडक झालं असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, तर औषध थांबवून लगेच दवाखान्यात फोन करा.

पहिला परिणाम तासाभरात दिसेल किंवा तीन तासांनीही. सुरुवातीला घट्ट, मग लापशीसारखं, मग तपकिरी पाणी, त्यात तरंगणारे कण. इथे पुष्कळ जणांना वाटतं झालं, आता पाणीच येतंय. अजून झालेलं नसतं. थांबायची खूण म्हणजे भांड्यात पाहिल्यावर पिवळसर, पारदर्शक पाणी दिसणं आणि त्यातून तळ स्पष्ट दिसणं. तो पिवळा रंग पित्ताचा असतो, त्याची चिंता नको. पूर्ण औषध संपवूनही पाणी तपकिरी आणि गढूळच असेल तर गप्प बसून तपासणीला जाऊ नका. फोन करून सांगा, ते आणखी औषध किंवा एनिमा (गुदद्वारातून आत द्रव सोडणं) सुचवू शकतील. ज्यांना नेहमीच बद्धकोष्ठतेचा त्रास आहे त्यांनी हे तारीख घेतानाच सांगावं, त्यांना बहुधा वाढीव तयारी लागते.

घरात संडास एकच असेल तर त्या संध्याकाळची कल्पना सगळ्यांना आधीच देऊन ठेवा. मऊ, ओला कागद किंवा नुसतं पाणी वापरा, घासून पुसू नका, आणि पहिल्या जुलाबाच्या आधीच गुदद्वाराभोवती व्हॅसलीन लावा. दहाव्या वेळेला त्याची किंमत कळते.

फक्त सिग्मॉइडोस्कोपी असेल तर बहुधा एवढं करावं लागत नाही. तपासणीच्या तासभर आधी एनिमा पुरतो. डाव्या कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, छोट्या बाटलीची तेल लावलेली तोटी अलगद आत सरकवायची, बाटली दाबून द्रव सोडायचा आणि जमेल तेवढं, पाच-दहा मिनिटं, रोखून धरायचं. मग संडासला जायचं. घरी करायला अवघड वाटलं तर दवाखान्यात नर्स देतात.

या स्वच्छतेला गुणही दिले जातात. आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ३ असे गुण, म्हणजे एकूण ९ पैकी. याला बॉस्टन मोजपट्टी म्हणतात. प्रत्येक भागाला किमान २ मिळाले तर तपासणी भरवशाची मानतात. कमी पडले तर लवकरच पुन्हा करायला सांगतात, म्हणजे ती संध्याकाळही पुन्हा.

टेबलावर

तिथे गेल्यावर कपडे बदलायला देतात. बऱ्याच ठिकाणी मागे उघडणारी सैल चड्डी असते, त्यामुळे फार उघडं पडावं लागत नाही. संमतीपत्र वाचून सही करा. काही विचारायचं असेल तर हीच वेळ.

लाजेबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, कारण या तपासणीपासून लोकांना दूर ठेवण्यात वेदनेइतकाच तिचाही वाटा आहे. खोलीतल्या डॉक्टर-नर्सचं हे रोजचं काम आहे. त्यांची नजर पडद्यावर असते, अंगावर चादर असते. स्त्री डॉक्टर किंवा पुरुष डॉक्टर हवा असेल तर आधी सांगितल्यावर शक्य तिथे सोय करतात. पूर्वी कधी कोणी शरीराशी गैरवागणूक केली असेल आणि अशा स्पर्शाची धास्ती वाटत असेल, तर "मला हे अवघड जातं" एवढं एक वाक्य आधी बोललात तरी पुरे. सगळा तपशील सांगावा लागत नाही. आणि तपासणी चालू असताना "थांबा" म्हणायचा हक्क शेवटपर्यंत तुमचाच असतो. आवाज निघणार नाही असं वाटलं तर हात वर करायची खूण ठरवून घ्या.

डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाकडे. आधी डॉक्टर जेल लावलेल्या बोटाने तपासतात, मग नळी. ती साधारण करंगळीएवढी जाड आणि लवचिक असते, टोकाला कॅमेरा आणि दिवा. पाण्याचा फवारा, शोषणाची सोय आणि बारीक हत्यारं आत नेण्याचा मार्ग हे सगळं तिच्यातच असतं. अशी लवचिक नळी गुदाशयातून पहिल्यांदा वापरली गेली १९६३ साली, बर्गीन ओव्हरहोल्ट या अमेरिकी डॉक्टरांकडून. त्याआधी पोलादी, सरळ, ताठ नळी असायची, आणि या तपासणीची जी दहशत अजून ऐकू येते तिचा बराचसा भाग त्या काळचा आहे.

नळी आत गेली की शौचाला लागल्यासारखं वाटतं. आतडं रिकामं असतं, काही होत नाही, पण भावना अगदी खरी असते. आतडं उघडण्यासाठी हवा किंवा कार्बन डाय ऑक्साइड सोडतात. हवेपेक्षा कार्बन डाय ऑक्साइड शरीरात पटकन शोषला जातो, म्हणून तो वापरला तर नंतर पोट कमी फुगतं. वायू सुटला तर सुटू द्या. तो रोखून धरला तर कळा वाढतात आणि डॉक्टरांना दिसायलाही अडचण होते.

दुखतं ते बहुधा एका ठिकाणी, त्या नागमोडी वळणावर. आतड्याचा हा भाग पोटात पक्का बांधलेला नसतो, एका पातळ पडद्याला लोंबकळत असतो. नळी पुढे ढकलली की कधी कधी टोक पुढे जाण्याऐवजी मधल्या भागाची कमान होते आणि तो पडदा ताणला जातो. पोटात जी जोराची कळ येते ती या ताणाची. म्हणजे काही फाटलं असा तिचा अर्थ नसतो. अशा वेळी डॉक्टर नळी थोडी मागे घेऊन फिरवतात, कमान सरळ करतात, नर्स पोटावर बाहेरून दाबतात किंवा तुम्हाला पाठीवर वळायला सांगतात. कमान सुटली की कळ एकदम उतरते. दुखायला लागलं की सोसत बसू नका, तोंडाने सांगा. तुमचं सांगणं डॉक्टरांनाही उपयोगी पडतं. गर्भाशय काढलेल्या किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालेल्या स्त्रियांना हा टप्पा जास्त त्रासाचा होऊ शकतो, कारण आतडं तिथे चिकटलेलं असतं.

गुंगीचं म्हणाल, तर लहान दुर्बीण सहसा गुंगीशिवायच होते, दहा-पंधरा मिनिटांत. पूर्ण दुर्बिणीला अर्धा-पाऊण तास धरून चाला. तिथे हाताच्या शिरेतून मिडाझोलाम आणि वेदनाशामक देऊन हलकी गुंगी आणतात, किंवा प्रोपोफॉल देऊन झोपवतात. काही ठिकाणी तोंडाने ओढून घ्यायचा वायू देतात, त्याचा अंमल काही मिनिटांतच उतरतो. गुंगी न घेताही पूर्ण दुर्बीण करून घेणारे लोक आहेत. निवड तुमची, पण ती आधी बोलून ठरवा. गुंगी घेतली तर सोबत मोठं माणूस हवंच. पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, कुठल्याही महत्त्वाच्या कागदावर सही नाही. डोकं साफ झाल्यासारखं वाटतं तेव्हाही ते पूर्ण साफ झालेलं नसतं.

पूर्ण दुर्बिणीत नळी उजव्या टोकाला पोचली हे डॉक्टर तिथल्या खुणांवरून ओळखतात: अपेंडिक्सचं छोटं तोंड आणि लहान आतडं जिथे येऊन मिळतं ती झडप. खरं निरखून पाहणं होतं ते यानंतर, नळी बाहेर काढताना. प्रत्येक घडीमागे डोकावत, धुवत, शोषत मागे यायला किमान ६ मिनिटं तरी द्यावीत असा संकेत आहे. २००६ सालच्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात दिसलं की सरासरी ६ मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या डॉक्टरांना, घाई करणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून जास्त रुग्णांत धोक्याचे पॉलिप सापडले. पटकन उरकणारा डॉक्टर चांगला, असा समज असेल तर तो सोडून द्या.

संशयास्पद जागेचा तुकडा चिमट्याने घेतात, पॉलिप तारेच्या फासाने कापतात. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण कळत मात्र काहीच नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची जाणीव नसते, ताणल्याची असते. मोठा पॉलिप काढताना तारेतून वीज सोडतात. नुसत्या एनिमाच्या तयारीवर ते टाळतात, कारण वरच्या भागात मळ असेल तर हायड्रोजन, मिथेनसारखे पेट घेणारे वायू साचलेले असू शकतात. अशा वेळी पूर्ण तयारी करून पुन्हा बोलावलं, तर ती चालढकल समजू नका.

नंतर

पोट थोडा वेळ फुगल्यासारखं राहतं. चाललं की वायू सुटतो आणि बरं वाटतं. हलकं खाऊन सुरुवात करा. तुकडा घेतला असेल तर एक-दोनदा रक्ताचा पुसट डाग दिसू शकतो.

धोके दुर्मीळ आहेत पण आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण नुसत्या तपासणीत हजारात एकाहूनही कमी आहे, मोठा पॉलिप काढला तर ते वाढतं. पॉलिप काढल्याजागी रक्तस्राव लगेच होऊ शकतो, तसाच दोन आठवड्यांपर्यंत उशिरानेही होऊ शकतो. म्हणून पोटात वाढत जाणारं दुखणं, पोट लाकडासारखं कडक होणं, ताप, थंडी, चक्कर, किंवा गाठी-गाठींनी रक्त पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, तडक इमर्जन्सीत जा आणि "माझी दुर्बीण झाली आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. पॉलिप काढला असेल तर पुढच्या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुर्बिणीचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडतो, तुकड्याचा यायला काही दिवस ते दोनेक आठवडे लागतात. गुंगी घेतली असेल तर त्या दिवशी डॉक्टर काय बोलले ते बहुधा आठवत नाही, म्हणून सोबतच्या माणसाला ऐकायला बसवा. रिपोर्टमध्ये दुर्बीण कुठवर पोचली, स्वच्छतेचे गुण किती, पॉलिप किती, केवढे, कुठे आणि पूर्ण निघाले का, हे पाहा. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये "हायपरप्लास्टिक" लिहिलं असेल आणि तो पॉलिप लहान, गुदाशयातला असेल तर सहसा काळजी नसते. "अ‍ॅडिनोमा" किंवा "सेरेटेड" लिहिलं असेल तर पुढची दुर्बीण कधी, हे विचारून तारीख लिहून ठेवा. ती काही महिन्यांनीही असू शकते आणि काही वर्षांनीही, पॉलिपच्या संख्येवर आणि आकारावर ते ठरतं.

मोठा किंवा जास्त धोक्याचा अ‍ॅडिनोमा निघाला, अथवा कर्करोग निघाला, तर ही बातमी फक्त तुमची राहत नाही. सख्खी भावंडं आणि मुलं यांचाही धोका वाढलेला असतो. अनेक ठिकाणच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यांनी चाळिशीत, किंवा घरातल्या माणसाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करायची असते. वडिलांचं निदान ४६ व्या वर्षी झालं असेल तर मुलाची आणि मुलीची पहिली दुर्बीण ३६ व्या वर्षी. त्यांना फोन करून सांगा, आणि रिपोर्टची प्रतही पाठवा, कारण त्यांच्या डॉक्टरांना त्यातले नेमके शब्द लागतील.